ओलीच्या वाटा

आषाढातली पहिली मोठी झड ओसरली, की हैदराबादच्या जुन्या घरांतून एक वास हलकेच उठू लागतो. दिवसभर स्वयंपाकघरातली फोडणी, देवघरातला धूप, दारातला चिखल यांच्या गर्दीत तो दबून असतो. रात्री घरात निजानीज झाली, की भिंतीच्या पोटातून बाहेर येतो. गार असतो तो. थोडा आंबूस, थोडा मातकट, आणि तळाशी जुन्या चुन्याची एक कोरडी, ओळखीची कड. मग पावसाळाभर तो घरात वावरतो, उशापाशी येऊन बसतो, फडताळातल्या पुस्तकांत शिरतो, साड्यांच्या घड्यांत मुक्काम करतो. पाहुण्याला तो उंबऱ्यातच जाणवतो. घरच्यांची नाकं त्याला सरावलेली असतात, म्हणून घरच्यांना तो सगळ्यांत शेवटी कळतो.

आमच्या घरी मात्र तो सगळ्यांच्या आधी आत्याला कळे.

काचीगुड्याच्या आमच्या त्या घराच्या पायाला याच शहराचा गुलाबीसर करडा दगड होता, वर विटा, सांध्यांत चुना, पायाखाली शहाबादी फरशी. मधल्या चौकात हौद, हौदाशेजारी मोरी, आणि मोरीच्या पाठीला पाठ लावून आत्याची खोली. आत्या मराठी शाळेत शिकवायची. लहानपणापासून तिला दमा. पावसाळी हवेत तिची छाती भरून यायची, आणि म्हणूनच असेल, हवेतला एवढासा फरकही तिला आमच्याआधी उमगायचा. मृग निघाला, की रोज तिन्हीसांजेला दिवा लावून झाल्यावर ती पश्चिमेच्या भिंतीपाशी जाई, पदराला हात कोरडा पुसून तळवा भिंतीला टेकवी. आधी गुडघ्याच्या उंचीवर, मग कमरेशी, मग खांद्याशी. क्षणभर डोळे मिटून उभी राही. आणि आजीला हाक मारून सांगे, "आई, आज चढलीय बघ."

माझा हातही ती भिंतीवर ठेवून घ्यायची. वरून खाली तळवा सरकवत न्यायचा. वर भिंतीला खोलीचीच ऊब असे, आणि मग एका जागी, बोटभर अंतरात, ती ऊब संपून गारवा सुरू होई. इतका दाट गारवा, की हात ओला झाला असं वाटावं आणि उलटून पाहावं तर तळवा कोरडाच. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नसे. डाग पुढे कधीतरी, आठवड्यांनी उमटायचा. पण हाताला ती सीमा आधीच सापडलेली असायची.

ह्या सीमेवरच पुढे लोणा फुलायचा. पांढऱ्या, बारीक सुयांसारखा, फुंकर मारली तर उडून जाईल इतका हलका. एकदा मी तो बोटावर घेऊन जिभेला लावला होता. खारट, आणि खारटपणाच्या मागून येणारी एक चमत्कारिक थंडाई. असाच सोरा एकेकाळी जुन्या भिंतींवरून खरवडून बंदुकीच्या दारूसाठी नेत असत. जमिनीतलं पाणी वातीतून तेल चढावं तसं दगड-विटांच्या बारीक बारीक छिद्रांतून वर चढतं, साधारण कमरेपर्यंत येऊन थकतं, तिथून हवेत निघून जातं आणि जाताना सोबत आणलेलं जमिनीतलं मीठ भिंतीवर ठेवून जातं. ते मीठ पुन्हा स्वतःच हवेतली आर्द्रता शोषतं. म्हणून पाऊस पडत नसतानाही नुसतं आभाळ भरून आलं, तरी ती भिंत काळवंडायची, आणि आत्याचा श्वासही जड व्हायचा.

आत्यानं मला एक गोष्ट हळूहळू शिकवली. ओल ही एक नसते. तिच्या वाटा निरनिराळ्या, आणि प्रत्येक वाटेची खूण निराळी. पायातून चढणारी ओल भिंतीच्या खालच्या अंगाला आडवी, लाटेसारखी रेघ ओढते. पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस भेगेतून किंवा खिडकीच्या चौकटीशेजारून आत येतो, तेव्हा एकच ठिगळ दिसतं. सर येऊन गेल्यावर काही तासांनी ते गडद होतं, उघडीप मिळाली की फिकट पडतं. गच्चीतून झिरपणारं पाणी छतावर पिवळट-तपकिरी कडं काढतं, पुढल्या पावसात त्या कड्याबाहेर आणखी एक. भिंतीतला नळ पाझरत असेल, तर त्या डागाला ऋतूच नसतो. ऐन वैशाखात, बाहेर चाळिशीचं ऊन पेटलेलं असताना, तो तसाच ओला. आणि कपाटामागे, कोपऱ्यात, जिथे वारा पोचत नाही तिथे काळ्या बारीक ठिपक्यांची बुरशी धरली, तर ते पाणी बाहेरून आलेलं नसतंच. ते आपल्याच श्वासाचं, आपल्याच चुलीवरच्या वाफेचं, आपल्याच वाळत घातलेल्या कपड्यांचं. गार भिंतीला टेकून ते थेंब होतं.

हे सगळं आत्या वासावरूनही सांगायची. भिजलेल्या चुन्याचा वास स्वच्छ, नुसता गार. तो आला तर ती काही बोलत नसे. कुबट वास आला की तिच्या कपाळाला आठी पडे. "ही बुरशी हं," असं म्हणून ती कपाट ओढायला लावी, आणि मागे ती असायचीच.

पण मातीचा ओला वास तिला नकोसा होता असं मुळीच नव्हतं. तिच्या पेटीत पत्थरगट्टीच्या अत्तरवाल्याकडून आणलेली एक चिमुकली कुपी असायची, मिट्टीच्या अत्तराची. कनौजच्या भट्ट्यांत भाजल्या मातीचा वास चंदनाच्या तेलात उतरवतात, त्यातलं ते अत्तर. भर उन्हाळ्यात, हवा कोरडी आणि छाती मोकळी असताना, ती कापसाचा फाया त्यात बुडवून कानाच्या पाळीत ठेवी आणि दुपारभर पहिल्या पावसात बसल्यासारखी शांत असे. पुढे कधीतरी वाचलं, की १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी, इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी, पावसानं भिजल्या मातीच्या या गंधाचा माग काढला. मातीतले सूक्ष्म जीव एक द्रव्य तयार करतात, आणि माणसाचं नाक त्याला इतकं हळवं, की हवेच्या लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी ते ओळखतं. तसलेच जीव ओल्या भिंतीतही घर करतात. अंगणात ज्या गंधानं जीव सुखावतो, त्याचाच कुणी सोयरा उशापाशी येऊन बसला की छाती दडपते. आत्यानं दोघांनाही नीट ओळखून, आपापल्या जागी ठेवलं होतं.

या वासाशी तिची ओळख फार जुनी.

१९४८च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या सशस्त्र टोळ्यांच्या धास्तीनं निजामाच्या राज्यातली कितीतरी मराठी कुटुंबं सोलापूर, बार्शी, पुण्याकडे निघून गेली. आजोबांनीही आजीला आणि मुलांना सोलापूरला हलवलं, मागोमाग स्वतःही गेले. आत्या तेव्हा आठ-नऊ वर्षांची. दर्शनी दाराची किल्ली शेजारच्या खालाजानकडे दिली. कोठीच्या खोलीची किल्ली मात्र आजीनं कमरेला लावून नेली, कारण कोठीत पोथ्या होत्या, तांब्या-पितळेची भांडी होती, लग्नातली पैठणी होती. त्या वर्षीचा पावसाळा रिकाम्या घरात आला आणि रिकाम्या घरातूनच गेला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली, आणि दिवाळीच्या तोंडावर घरची माणसं परतली.

दार उघडलं तेव्हा घराला घराचाच वास होता, हे आत्या फार वेळा सांगायची. सांगताना थांबायची. उघडीप असली, की खालाजान दर शुक्रवारी येऊन खिडक्या-झरोके उघडत होत्या आणि दुपार कलली की लावून घेत होत्या. रस्त्यावर माणसं एकमेकांच्या नजरेला नजर द्यायला धजत नव्हती अशा दिवसांत ही बाई शेजाऱ्याच्या घराला ऊन दाखवत होती. सगळ्या खोल्या चुन्याच्या गार, स्वच्छ वासाच्या. मग आजीनं कोठीचं कुलूप काढलं. आतून जो लोट आला, त्यानं आत्याला तिथेच उंबऱ्यावर खोकल्याची उबळ आली. पोथ्यांच्या कडांवर हिरवट-काळी लव चढली होती, पैठणीच्या घडीवर तपकिरी ठिपके पडले होते, भांड्यांवर कळकट थर बसला होता.

भिंत एकच. चुना तोच. पाऊसही तोच. फक्त एका बाजूला वारा पोचला होता.

मला वाटतं, आत्याचं उभं आयुष्य त्या दोन दारांच्या मध्ये उभं होतं. त्या वासानं तिला घर परत मिळाल्याचं सुख आठवे आणि त्याच श्वासात कोठीची धडकीही. म्हणूनच ती तो वास कधी धुपानं झाकत नसे, कुणाला झाकू देत नसे. आधी तो पुरता घ्यायची. कुठून येतोय ते बघायची.

पुढे, ऐंशीच्या दशकात, वडिलांनी त्या पश्चिमेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला. बहिणीच्या काळजीनं केला, पदरमोड करून केला. दर वर्षी चुन्याचे पोपडे पडतात, तिच्या अंथरुणावर रेती सांडते, हे त्यांना बघवत नव्हतं, आणि सिमेंट हा त्या काळाचा मोठा दिलासा होता. गुळगुळीत गिलाव्यावर कमरेएवढा पिस्ता रंगाचा ऑइलपेंट लागला. खोली उजळून निघाली. पहिल्या पावसाळ्यात आत्यानं गुडघ्याशी हात ठेवला, कमरेशी ठेवला, आणि वडिलांकडे बघून हसली. ते हसू मला अजून दिसतं. आणि मग पुढच्या कुठल्याशा भाद्रपदात तिनं तळवा खांद्याच्या उंचीवर टेकवला आणि तिथेच थांबली.

खाली बाहेर पडायला जागा उरली नाही म्हणून पाणी सिमेंटच्या आडून वर चढलं होतं. रंगाला फुगवटे आले. एकावर बोट दाबलं तर आतून पाण्याचा थेंब ओघळला. त्या वर्षी आत्याची रात्र रात्र बसून गेली. जागतिक आरोग्य संघटनेनं घरातली ओल आणि बुरशी यांवर २००९ साली जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत ओलसर घरांचा आणि दम्याचा संबंध स्पष्ट मांडला आहे. आमच्या घरी तो कुणी पुस्तकात वाचलेला नव्हता. दर मृगाला आत्या दम्याच्या औषधासाठी जुन्या शहरात, दूधबौलीला जायची. बत्तिनी घराण्याचं ते औषध जिवंत माशाच्या तोंडात घालून गिळायला देतात, शाकाहाऱ्यांना गुळातून. वैद्यकानं त्याचा गुण कधी मान्य केला नाही, पण दूरदूरच्या गावांहून आलेल्या, आपल्यासारख्याच धापा टाकणाऱ्या हजारो माणसांत उभं राहण्यानंही तिला धीर येई. त्या रांगेतून ती घरी परतायची आणि त्याच भिंतीला उशी लावून निजायची. हे आठवलं की आजही पोटात कालवतं.

भिंत मोकळी झाली ती फार उशिरा, आत्या सत्तरी ओलांडून गेल्यावर. गोवळकोंड्याजवळच्या कुतुबशाही मकबऱ्यांचं जतनकाम २०१३ साली सुरू झालं. गेल्या शतकात घुमटांवर चढवलेलं सिमेंट तिथे खरवडून काढत होते आणि जुन्या रीतीनं चुन्याचा गिलावा करत होते. गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी घालून मुरवलेला चुना. तिथे हात बसलेले एक वयस्कर उस्ताद ओळखीतून आमच्याकडे आले. भिंतीवर त्यांनी थापीचा दांडा ठोकत नेला. वर ठणठणीत आवाज येत होता. मधेच तो पोकळ झाला, बद्द. तिथे त्यांनी कोळशानं खूण केली. पण खोलीत ते फार वेळ थांबलेच नाहीत. बाहेर चौकात गेले, उकिडवे बसले आणि फरशीकडे बघत राहिले. वर्षानुवर्षं एका फरशीवर दुसरी बसवत चौक जोत्याच्या वर चढला होता, आणि मोरीचं पाणी उतार सापडेना म्हणून भिंतीच्या पायाशी मुरत होतं. दुखणं खोलीच्या बाहेर होतं.

"बाई, पानी कू रस्ता देना पडता," आत्याला ते म्हणाले. "रोके तो उप्पर चढता."

आत्यानं मान हलवली. इतक्या वर्षांत कुणीतरी तिच्या मनातलं बोललं होतं.

आधी चौक खणून खाली घेतला, भिंतीपासून दूर उतार दिला, मोरीचा निचरा फिरवला. मग सिमेंट काढलं. आणि मग, हेच सगळ्यांत अवघड, काहीच केलं नाही. उस्तादांनी भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवायला लावली. जाड भिंत सुकायला फार वेळ घेते. इंचभर जाडीला महिना, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. नागड्या विटा बघवत नव्हत्या, येणारेजाणारे विचारत होते, पण आत्या रोज दुपारी खिडक्या उघडून त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून वाचत बसे, आजाऱ्याला सोबत करावी तशी. ज्येष्ठ सरता सरता चुन्याचा गिलावा झाला. पहिल्या पावसाबरोबर भिंत किंचित गडद झाली, खोलीत तो गार, स्वच्छ वास दरवळला. आत्यानं दीर्घ श्वास घेतला. तो पुरा आत गेला.

या शहराला ह्या सबुरीची फार गरज आहे असं मला वाटतं. २८ सप्टेंबर १९०८ला मुसीच्या पुरानं हैदराबाद उद्ध्वस्त केलं. कवी अमजद हैदराबादींची आई, पत्नी आणि मुलगी त्यात गेली, आणि मागे राहिलेल्या त्या एकट्या माणसानं पुढे तो आकांत कवितेत मांडला. त्या पुरानंतर शहर शहाणं झालं, अभियंते विश्वेश्वरय्या यांना बोलावणं गेलं, १९२०मध्ये उस्मानसागर आणि १९२७मध्ये हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. पाण्याला थांबायला जागा मिळाली. २०२०च्या ऑक्टोबरात, तळी बुजवून उठलेल्या वसाहतींत पाणी छातीएवढं शिरलं, तेव्हा आपण ते सारं विसरलो आहोत हे दिसलं. दिवाळी तोंडावर होती. चिखल उपसून लोकांनी घाईघाईनं भिंती रंगवल्या; घर पुन्हा घरासारखं दिसावं म्हणून जीव किती आसुसतो, ते मला कळतं. पण आत पुराचं पाणी तसंच होतं, आणि संक्रांतीपर्यंत त्या नव्या रंगाखालून मीठ वर आलं.

मी आता कुकटपल्लीला, उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहते. इथे जमीन कितीतरी खाली, मोरी नाही, हौद नाही. तरी एका श्रावणात शयनगृहाच्या कोपऱ्यात, कपाटाच्या मागे, तो कुबट वास आला. रंगारी म्हणाला, वॉटरप्रूफ रंग लावू. मी रंगाच्या आधी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर चौकोन कापून, चारी कडा चिकटपट्टीनं बंद करून भिंतीला डकवला. दोन दिवसांनी बघितलं, तर खोलीकडच्या चकचकीत बाजूवर बारीक दव होतं आणि मागची बाजू कोरडी. भिंत निर्दोष होती. ते पाणी आमचं होतं. चार माणसांच्या घरात श्वासातून, आंघोळीतून, कुकरच्या शिट्ट्यांतून, खोलीत वाळणाऱ्या कपड्यांतून दिवसाकाठी दहाएक लिटर पाणी हवेत जातं, आणि आम्ही डासांच्या, धुळीच्या, आवाजाच्या भीतीनं खिडक्या लावून बसलो होतो. कपाट भिंतीपासून हातभर पुढे घेतलं, कपडे बाल्कनीत गेले, सकाळी समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडू लागलो. ठिपके पुसून काढले, ते परत आले नाहीत. फॉइल काढताना खालाजान आठवल्या, ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं.

म्हणून तुमच्याही घरी हा वास उठला, तर रंगाचा डबा उघडण्याआधी थोडं थांबा. तळवा टेकवा. डाग खाली आहे की वर, पावसामागून येतो की बारमाही आहे, भिंतीच्या पलीकडे काय आहे, मोरी, कुंडी, पन्हळ, की शेजाऱ्याचं न्हाणीघर, हे शांतपणे बघा. घरात कुणी रात्री खोकत असेल, तर त्याची उशी कुठल्या भिंतीला आहे, तेही बघा. हे बघायला गवंडी लागत नाही. जवळ जाण्याची तयारी लागते.

आत्या गेली. तिची ती भिंत अजूनही श्रावणात गडद होते आणि दिवाळीपर्यंत सुकते. घर बघायला येणारे विचारतात, एवढा खर्च केलात, तरी ओल राहिलीच ना? मी त्यांना सांगते, ओल येणारच. या मातीत पाणी आहे, या शहराला पाऊस आहे, आणि दोन्ही असावीत अशीच माझी इच्छा आहे. पाण्याला भिंतीतून परत जाता यावं, आणि त्या खोलीत निजणाऱ्याला रात्रभर पुरा श्वास घेता यावा, एवढंच मी भिंतीकडून मागते. ती एवढं करते. मला ती भक्कम वाटते.